दुसऱ्याच्या हातची गोळी

अवं गोदे, तू फक्त ऐक. मधात बोलू नोको. हात चालू दे, सडकं पान इकडं टाक, चांगलं टोपल्यात लाव, पण तोंडातून शब्द काढू नोको. नाई त मी अटकतो आन् मंग मलेच आठवत नाई का कुठवर आली होती. तू शेंदूरजन्याले सासरी होती, तुले काईच मालूम नाई. अठी अंजनगावात दसऱ्यापासून काय काय झालं ते सारं सांगतो, आन् सांज व्हायच्या आत मले तुह्या तोंडून एक गोष्ट पाह्यजे. ते शेवटी.

आमचे सहदेवकाका आठवतात ना तुले? बाबाचे लहाने भाऊ. उंच, वाळके, बोलताना अर्धा शब्द पोटातच ठेवणारे. काकू पह्यल्या बाळंतपणात गेली, लेकरूबी गेलं, मंग त्यायनं दुसरं घर मांडलंच नाई. दिवसभर आमच्या पानमळ्यात राहात आन् दिवस कलला की हातपाय धुऊन अफूच्या दुकानाच्या ओट्यावर. बजारातलं ते लायसनवालं दुकान, सरकारी पाटी लावलेलं. तठी चौघं बसत. काका, किसनराव शिंपी, चंद्रभानजी, आन् नत्थुजी सुतार. बावीस वर्सं! आपण जन्मलो नव्हतो तवापासून.

त्यायची एक रीत होती. आपली गोळी आपल्या हातानं तोंडात टाकायची नाई. किसनरावनं चंद्रभानजीले द्यायची, चंद्रभानजीनं नत्थुजीले, नत्थुजीनं काकाले, काकानं किसनरावले. तुरीच्या दाण्याएवढी. कोणी म्हटलं, "आज आंग दुखते, जरा मोठी दे," त देणारा म्हणे, "चूप बैस, काल होती तेवढीच हाय." लहानपणी मी काकाले इचारलं होतं, असं काहून? त म्हणे, "आपल्या हातानं घेतली की हाताले माप राह्यत नाई, पोरी."

माय म्हणे, "अफीम्यायचे चोचले!"

मंग मानमोडीची साथ आली. तुमच्याकडंबी आली अशीन, पण अठी त नवरात्रातच सुरू झाली. सकाऊन चांगला बोलणारा माणूस दुपारी मान धरून बसे, आन् तिसऱ्या दिवशी खलास. बाबानं सारं घर उचललं आन् ज्वारीच्या वावरात झोपड्या बांधल्या. अर्धं गाव तसंच वावरायत गेलं. मले सासरच्यायनं दसऱ्याले म्हणून माहेरी धाडलं होतं, मंग तिकडूनच निरोप आला, आता येऊ नोको. म्हणून मी अठीच.

आन् काका? बाबा म्हणे, "सहद्या, तू मळ्यातच राह्य. वेलायले पाणी कोण देईन? आन् तू त्या ओट्यावर दहा जणायच्या तोंडाशी तोंड लावून बसतो, झोपडीत लेकरं हायत. भाकर तुले मळ्याच्या कुडापाशी येईन." काका उठले. अफूची डबी कंबरेले, घोंगडी खांद्यावर, निघाले. तसं पाह्यलं त बाबाचं चुकलं नाई, पण मले दिसलं, जाताना ते झोपडीपाशी जरासे थांबले. कोणी 'जेऊन जाय' म्हणते का म्हणून. कोणी म्हटलं नाई. मीबी नाई.

भाकर नेणं माह्याकडं आलं. पानमळ्याची रीत तुले सांगायले नोको. आंघोळ केल्याबिगर, पायातलं काढल्याबिगर आत जायचं नाई, आन् बाई दूर बसली असली त कुडाच्या सावलीतबी यायचं नाई, वेल नासते म्हणतात. मी आत जातच नव्हती. कुडाजवळच्या दगडावर भाकर ठेवत होती, "काका, भाकर!" म्हणत होती, आतून "ठेव" आलं की पळत होती. भेव वाटे ना.

काका मळ्यात गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी किसनराव गेले. दोन दिवसानं चंद्रभानजी गेले. नत्थुजीले त्यायचा पोरगा गाडीत घालून अकोल्याले घेऊन गेला, आन् दुकानदार कुलूप लावून कुठी पळाला देव जाणे. हे सारं काकाले मीच कुडाबाहेरून ओरडून सांगितलं. असं सांगतात का वं कोणाले? "काका, किसनराव गेले!" ओरडली आन् भाकर ठेवली. आतून "बरं" आलं. दुसऱ्या खेपेले, "काका, चंद्रभानजीबी!" त आतून काईच आलं नाई.

मंग एक दिवस पाह्यतो त कालची भाकर दगडावर तशीच, मुंगळे लागलेले. हाक मारली त कण्हल्यासारखं ऐकू आलं. कुडाच्या फटीतून पाह्यलं. काका वेलायच्या मधात घोंगडीत मुटकुळं करून पडलेले, नाकातून डोळ्यातून पाणी, सारं आंग थरथर करून राह्यलं. मी पळतच झोपडीवर. "बाबा, काकाले मानमोडी झाली!"

बाबा खालीच बसले. माय म्हणे, "कोणी जायचं नाई. अठी चार लेकरं हायत." बाबा बराच वेळ काडीनं मातीत रेघा ओढत राह्यले, आन् मंग म्हणे, "उद्या पाहू." उद्या पाहू म्हंजे काय, ते मले कळलं ना, गोदे. उद्यापर्यंत तो आपोआपच संपला त पाह्यचं काम नाई, असं. बाबाच्या तोंडून ते ऐकणं... जाऊ दे.

मी आंघोळ केली. माय म्हणे, "आता काहून वं?" म्हटलं, "उकडून राह्यलं." आन् अनवाणी गेली, कुड सरकवला आन् आत.

हात लावून पाह्यतो त आंगाले ताप नाई! मानमोडीत आंग तव्यासारखं असते, आन् हे थंडगार, घामानं ओलं. जांभया एकामागून एक. पोटात कळ आली की पाय छातीशी घेत. मंग माह्या ध्यानात आलं. कंबरेची डबी काढून उघडली. भरलेली होती! जशी नेली तशीच.

"काका, डबी त भरून हाय. घेतली काहून नाई?"

डोळे न उघडता म्हणे, "कोणाच्या हातून घेऊ?"

सांग बरं! माणूस मरून राह्यला आन् कोणाच्या हातून म्हणते. मले रागच आला. "तुमाले हात नाई का?"

"हायत ना. दोन हायत." मंग मधात थांबत थांबत म्हणे, "चंद्रभानबी गेला त्या सांजीले काढली होती डबी. हातानं आपल्याआपणच हरभऱ्याएवढी तोडली. मंग वाटलं, अजून थोडी. मंग वाटलं, सारीच घेऊन टाकतो, कोणाले काय फरक पडते. म्हणून बंद केली."

समजलं का तुले? आमी समजलो याले मानमोडी. आन् तो माणूस तठी एकटा बसून आपल्याच हाताले भेऊन राह्यला होता.

मी तुरीएवढी गोळी वळली आन् त्यायच्या तोंडात देली. जराशा वेळानं थरथर कमी झाली, मंग थांबली. उठून बसले, घोंगडी नीट केली, आन् म्हणे, "भाकर हाय का?"

मी घरी सांगितलं, मानमोडी नाई, अफूबिगर तसं झालं होतं. बाबा पाठ फिरवून उभे राह्यले. म्हणे, "मंग जात जाय तू रोज."

तवापासून रोज दिवस कलताना मी आंघोळ करून जात होती. आधी गोळी, मंग भाकर, मंग गोष्टी. अवं, काका इतकं बोलतात हे मले मालूमच नव्हतं! वेल कसा बांधायचा, पान कवा तोडायचं ते दाखवत आन् मधातच किसनरावची गोष्ट काढत. "किसन्यानं मले बंडी शिवली होती, एक बाही इतभर लांब. म्हटलं, हे काय बे? त म्हणे, काल तुह्या हातची गोळी घेऊन माप घेतलं होतं, गोळीले बोल लाव." आन् हसत, आन् हसता हसता चूप होत. मी वेल बांधत होती.

डबी मात्र उतरून राह्यली होती. अमरावतीले पानं नेणाऱ्या गाडीवाल्याले बाबानं सांगून पाह्यलं, तो म्हणे तठीबी दुकानाले कुलूपच. मी रोज डबीत पाह्यतो आन् मले धडकी भरते. संपली की पुन्हा तो थंड घाम, पुन्हा ते मुटकुळं. मंग एक दिवस माय कात भिजवून राह्यली होती, आन् मले दिसलं, ओला कात आन् अफू, रंग सारखा, चिकटबी सारखा. पानवाल्याच्या घरात काताले काय तोटा! त्या सांजीले गोळीत नखभर कात मिसळला. माप तेच, तुरीएवढं. काकानं तोंडात घेतली, वेलाकडं पाहात राह्यले, गिळली. काई बोलले नाई. दोन दिवसानं अजून नखभर. मंग अजून. कधी जास्त झाला त त्यायले झोप लागे ना, पाय दुखत, मंग मी तेवढ्यावरच तीन-चार दिवस थांबत होती. इचारू कोणाले? वैदबी मानमोडीत गेला होता. रोज घरी येताना वाटे, उद्या हाक मारली आन् "ओ" आलं नाई त? माह्याच हातानं झालेलं राहीन ना ते. दिवाळी कवा आली कवा गेली, मले पत्ता नाई.

दिवाळीनंतर गोळीत अफू राह्यली मोहरीएवढी, बाकी सारा कात. आन् तेवढ्यात मी दूर बसली.

चार दिवस! मळ्याकडं फिरकायचं नाई, कशाले शिवायचं नाई. मायले म्हटलं, "भाकरीसोबत गोळी नेजो, आन् त्यायच्या तोंडात देजो." माय म्हणे, "भाकर नेतो. ती घाण माह्या हातून नाई." म्हटलं, "मंग ते घेणार नाईत वं." "नाई घेतली त नाई. सुटतीन एकदाचे." चार दिवस मले भाकर गोड लागली नाई. माय परत आली की मी दुरूनच इचारायची, दिसले का? "कुडाआड होते. भाकर घेतली." बस, एवढंच.

पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आन् ओल्या केसानं पळत सुटली. कुड सरकवला त काका उभे राहून वेल बांधून राह्यले होते. डोळ्याखाली काळं, गाल बसलेले, पण उभे. म्हणे, "आली? बैस."

मी गोळी काढली. काकानं गोळीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, आन् म्हणे, "कात जरा कमी टाकत जाय. तोंड आवळते."

गोदे, जमिनीनं पोटात घेतलं त बरं असं झालं मले.

"तुमाले... कवापासून?"

"पह्यल्या दिवसापासून. येडी हाय का? पानवाल्याच्या पोटी जन्मलो, मले काताची चव नाई कळणार? अफू कडू, कात तुरट. दुसऱ्या कोणाले फसवलं असतं तू."

"मंग बोलले काहून नाई?"

"बोललो असतो त तू म्हटली असती, काका बरे झाले, आता भाकर दगडावर ठेवतो." मंग वेलाची गाठ पक्की करत म्हणे, "चार दिवस गोळी नव्हती. दोन राती डोळ्याले डोळा नाई, पाय तोडून फेकावे असं वाटे. पण त्याच्यापेक्षा सांजीले त्या कुडाकडं पाह्यणं भारी गेलं."

आन् तोंड उघडलं. मी गोळी देली. तवापासून निव्वळ काताची, अफू दाणाभरबी नाई. पण रोज, आन् माह्याच हातून.

मंग साथ ओसरली. लोक गावात आले, आमीबी आलो, दुकानाचं कुलूप निघालं. आन् मागच्या सोमवारी मी मळ्यात असताना कुडाबाहेरून आवाज आला. "सहद्या! हायस का बे, का तूबी गेला?"

नत्थुजी सुतार. अर्धा माणूस राह्यला तो, गोदे. ज्या पोरानं गाडीत घालून वाचवाले नेलं, तो पोरगाच अकोल्याले मानमोडीत गेला. तठी सून गोळी देये, आन् मंग सून आपल्या माहेरी गेली, हे परत आले. म्हणे, "काल सांजीपासून गोळी हातात धरून बसलो. मले कोण देईन? चाल ओट्यावर."

काकानं फेटा बांधला आन् निघाले. माह्याकडं पाह्यलंबी नाई.

मी तठीच उभी, आन् मले आठवला आपल्या आळीतला देवीदास. सहा महिन्यानं जेलातून सुटून आला, त्याच सांजीले अफूची आपली जुनी मात्रा घेतली, आन् सकाऊन उठलाच नाई. बाया म्हणत नजर लागली. नजर कायची वं! आंगाची सवय गेली होती, मात्रा तीच राह्यली होती. आन् काकाच्या आंगात आता काईच नाई, आन् नत्थुजीच्या हातात तुरीएवढी, खरी.

अफूच्या ओट्यावर बाईमाणूस जाते का कधी? मी गेली. डोक्यावर पदर घेतला आन् भर बजारातून, साऱ्यायच्या देखत. ओट्यावर दोघं आपापल्या जुन्या जागेवर बसलेले, मधात दोन जागा तशाच रिकाम्या ठेवलेल्या. म्हणून नत्थुजीले हात लांब करावा लागून राह्यला होता. गोळी काकाच्या ओठापाशी.

"काका, नोका घेऊ! महिना झाला तुमी काताची गोळी खाऊन राह्यले!"

दुकानदार खो खो हसला. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले. एक म्हणे, "वा रे अफीमी! कात खाऊन झुलून राह्यला!" काका खाली मान घालून बसले. बावीस वर्साची इज्जत मी एका बोलात घालवली. नत्थुजीचा हात तसाच अधांतरी.

"खरं का रे, सहद्या?"

"खरं हाय."

"मंग मी आता कोणाच्या हातून घेऊ?"

रागानं नाई म्हटलं त्यायनं. रस्ता चुकलेला माणूस इचारते ना, तसं.

काका उठले, मधल्या दोन्ही जागा ओलांडून त्याच्या मांडीले मांडी लावून बसले. त्याच्या हातावरची गोळी उचलली आन् त्याच्याच तोंडात देली. मंग माह्याकडं हात केला, "आण." मी पदराच्या गाठीतली काताची गोळी नत्थुजीच्या तळहातावर ठेवली, आन् नत्थुजीनं ती काकाले देली. हसणारे आपोआप निघून गेले.

तवापासून दोघं रोज बसतात. नत्थुजीचे हात कापतात, त्याले गोळी वळता येत नाई, म्हणून त्याची डबीबी काकानं माह्याकडं देली. आन् देतानाच हळू म्हणे, "त्याच्या गोळीतबी मिसळत जाय. तशीच, नखानखानं. त्याले सांगू नोको."

म्हटलं, "इचारा ना त्यायले."

"इचारलं त नाई म्हणीन. मले इचारलं असतं त मीबी नाईच म्हटलं असतं."

चार दिवस झाले, मी टाळून राह्यली. काहून सांगू? काकाले मालूम होतं. पह्यल्या दिवसापासून मालूम होतं, आन् रोज आपण होऊन तोंड उघडत होते. नत्थुजी सुतार माणूस, तोंडात दात नाई, पान त्यानं कवा खाल्लं नाई. त्याले कळणारच नाई. तो आपल्या दोस्ताच्या हातावर भरोसा ठेवून गिळीन. हाताले माप राहावं म्हणून त बावीस वर्सं त्यायनं ती रीत पाळली, आन् आता तेच माप मी खोटं करू? आन् नाई करावं त परवा नत्थुजी काकाले म्हणे, "डबीतली सारी एकदमच देऊन टाक ना बे मले." हसत म्हणे. काका हसले नाई.

हे पाह्य, नत्थुजीसाठी दोन गोळ्या वळल्या हायत सकाऊनच. ही निव्वळ अफूची. आन् हिच्यात नखभर कात. दिसाले सारख्याच, पाह्य ना. मीच उजव्या-डाव्या गाठीत बांधून ठेवल्या म्हणून मले कळतात. दिवस कलला, काका तिकडं पाय धुऊन राह्यले असतील, आता हाक येईन.

बोल आता, बोल ना वं. तू माह्या जागी असती त कोणती गाठ सोडली असती?